पुण्यात 50 लाखांच्या आतलं नवीन घर बांधणं बिल्डरांनी सोडूनच दिलंय का?

मुळाकाठचा:
धाकट्या भावासाठी फ्लॅट बघतोय, नवराबायको दोघं नोकरीला, बजेट कसंबसं 50 लाख. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, सगळीकडे सेल्स ऑफिसात पहिला प्रश्न तोच, टू बीएचके की थ्री, आणि वन बीएचके म्हटलं की "ते आता आम्ही करत नाही". याच पट्ट्यात पूर्वी पार्किंगवर पाच-सात मजले अशा साध्या वन बीएचकेच्या स्कीमा व्हायच्या, ऑफिसातल्या कितीतरी जणांचं पहिलं घर तेच. आता बघावं तिथे वीस-पंचवीस मजली टॉवर, पोडियमवर गार्डन, क्लब हाउस, जिम.
महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, 2017 ला सुरू झालं, त्यानं बरीच शिस्त आली हे मान्य. कार्पेटवर, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर विक्री, करारनाम्याआधी 10 टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत, ग्राहकाच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, सगळं चांगलंच आहे. पण हे सुरक्षित घर मिळतंय कुणाला? मोठ्या फ्लॅटमध्ये जास्त पैसे सुटतात म्हणून छोटा बांधत नाहीत, बाकी सगळी कारणं मागून जोडलेली आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

साइटवरचा:
पूर्ण असहमत. मी साइटवर पगारी माणूस आहे, बिल्डर नाही, पण खर्चाचे कागद बघतो म्हणून सांगतो. डिसेंबर 2020 ला बांधकामाची नवीन नियमावली आली, यूडीसीपीआर, लोकांना वाटतं एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, फुकट वाढला. तसं नाहीये, बेसिक 1.10 च आहे, वरचा प्रीमियम भरून घ्या, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, बाजारातून घ्या, अ‍ॅन्सिलरीचे, म्हणजे जिना-बाल्कनीसारख्या भागांच्या जादा एफएसआयचे, पैसे वेगळे भरा. जागामालकाला हे सगळं माहितीये त्यामुळे तो पूर्ण वापरता येणाऱ्या एफएसआयच्या हिशोबानेच भाव सांगतो. मग तेवढं बांधावंच लागतं, म्हणजे वर जावं लागतं, आणि वर गेलं की जास्त स्टील, फायर लिफ्ट, रेफ्युज एरिया (आग लागली तर थांबायची जागा), पार्किंगचे तीन-चार मजले. त्यात मायवान शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे, अ‍ॅल्युमिनियमचा सेट एवढा महाग असतो की एकसारखे बरेच मजले काढल्याशिवाय त्याचा खर्च सुटत नाही, सात मजल्यांना कुणी लावणार नाही.
आणि वन बीएचकेलाही किचन एक, मीटर एक, मेन डोअर एक, पार्किंग दाखवायचं ते वेगळंच. चौरस फुटाला छोटं घर महाग पडतं. यात हाव कुठे आली?

वारजेकर ताई:
दादा खर्च कळला, पण क्लब हाउस आणि पूल कुठल्या नियमावलीत सक्तीचे आहेत? ते तर तुम्ही विकायला म्हणून बांधता आणि ताबा झाला की मेंटेनन्स आमच्या गळ्यात. लिफ्ट चार, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), जनरेटर, सिक्युरिटी, वर उन्हाळ्यात टँकर. माझ्या बहिणीकडे हप्ता भरून झाला की मेंटेनन्स आणि टँकरचीच काळजी करत बसतात, पूलात उतरायला कुणाला वेळ आहे. 2017 ला 11 गावं आणि 2021 ला 23 गावं महापालिकेत आली, टॉवर तिथे भराभर उभे राहिले, पाण्याची लाइन अजून सगळीकडे नाही. घर महाग का यावर बोलताय, घेतल्यावर राहणं किती महाग झालंय त्यावर पण बोला ना.

ठाण्याचा:
इकडे तर मोकळी जागाच नाही, नवीन म्हणजे बहुतेक रीडेव्हलपमेंटच. जुन्या सभासदांना वाढीव कार्पेट, कॉर्पस (एकरकमी निधी), काम होईपर्यंत भाडं, हे सगळं विक्रीच्या फ्लॅटवर चढतं. आमची सोसायटी त्यातूनच जातेय. सभासद म्हणून आम्ही जास्त एरिया मागितला हेही खरं, मग नवीन घेणाऱ्याला स्वस्त कुठून मिळेल? एकट्या बिल्डरला धरून चालणार नाही.

मुळाकाठचा:
ताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आणि साइटवरचे, खर्च वाढला हे धरलं तरी मला सांगा, छोटी घरं बांधली तर नफ्यावर आयकर माफ, ते 80-आयबीए कलम, ते 31 मार्च 2022 नंतर मंजूर झालेल्या प्रोजेक्टला बंद झालं आणि त्याच सुमाराला इकडच्या वन बीएचके आटल्या. म्हणजे सवलत होती तोवर परवडत होतं ना? मग हा नफ्याचाच प्रश्न झाला.

साइटवरचा:
नफ्याचा आहेच, धंदा आहे तो, कोण नाही म्हणतंय. पण सरकारची मर्यादा बघा ना. जीएसटीत परवडणारं घर म्हणजे 45 लाखांपर्यंत, हा आकडा एप्रिल 2019 चा, अजून तोच. पुणे त्यांच्या मेट्रो शहरांच्या यादीतच नाही, त्यामुळे एरिया 90 चौरस मीटरपर्यंत चालतो, म्हणजे साधारण 969 चौरस फूट कार्पेट. 45 लाखाला 969 फूट, फुटाला साडेचार हजारांच्या थोडं वर! या भावात वाकडला काय, वाघोलीला तरी कोण देईल? आणि 46 लाख झाले की टॅक्स 1 टक्क्यावरून थेट 5 टक्के, म्हणजे 45 हजारांऐवजी दोन लाख तीस हजार, ते भरणार तुमचा भाऊच. मर्यादा 70-75 लाख करा, छोटी घरं परत येतात की नाही बघा.

हिशोबनीस:
इथेच माझा सगळ्यात मोठा विरोध आहे. मर्यादा 75 केली की आज 68 ला जाणारा फ्लॅट 74 ला जाईल आणि त्यालाच परवडणारं म्हणतील. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 ला 28 वरून 18 वर आला, तुमच्या साइटवर फुटाला किती कमी केले ते सांगा आधी. रेपो रेट पण 2025 मध्ये उतरला, ईएमआय जरा खाली आला, तेवढी जागा घरांच्या वाढत्या किमतीनेच खाल्ली. द्यायचीच तर सवलत एरियाला द्या, 45 चौरस मीटरच्या आतलं घर असेल तर 1 टक्का, किंमत रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, अमुक पटीत, त्याच्या वर गेलं की सवलत रद्द.

साइटवरचा:
सिमेंटचं कमी झालं ते मजुरी आणि बाकी मटेरियलने खाल्लं, आमच्याकडे एक रुपया उतरला नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो. एरियाला सवलत चालेल मला, पण रेडीरेकनरशी बांधू नका, काही गावांत तो बाजारापेक्षा इतका खाली आहे की तिथे कुणी पायासुद्धा खोदणार नाही.

हिशोबनीस:
मग रेडीरेकनर दुरुस्त करा, म्हणून सवलत मोकळी सोडायची का? मोठ्या प्लॉटवर, 4000 चौरस मीटर आणि वर, 20 टक्के छोटी घरं बांधून म्हाडाच्या लॉटरीला द्यायची सक्ती आहेच ना, आणि पुण्यात आज स्वस्त नवीन घर मिळतं ते मुख्यतः त्यातूनच. सक्ती केली की बांधतात. मुळाकाठचे, भावाला पुणे मंडळाचा फॉर्म आधी भरायला सांगा, आणि सोबत जुन्या सोसायट्यांमधलं रीसेल बघा, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आणि कन्व्हेयन्स (जागा सोसायटीच्या नावावर) दोन्ही झालेलं.