‘परिणाम’, ‘आघात’ की आणखी काही? (समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या निमित्ताने)

दुभाषी:
उत्तर समुद्र आणि बाल्टिकमधल्या पवनचक्क्यांमुळे तिथल्या सागरी जीवांचं काय झालं, यावरचा एक अहवाल मराठीत करते आहे. पहिल्याच पानावर अडले. लेखक ‘इफेक्ट’ आणि ‘इम्पॅक्ट’ कटाक्षाने वेगळे ठेवतात. इफेक्ट म्हणजे मोजता आलेला कुठलाही बदल. इम्पॅक्ट म्हणजे तो बदल त्या जातीच्या तगण्या-वाढण्यावर उमटण्याइतका मोठा आहे का, हा पुढचा निवाडा. मी दोन्हीकडे ‘परिणाम’ लिहीत गेले आणि एक वाक्य असं उतरलं: ‘परिणाम दिसला, पण त्याचा परिणाम झाला नाही.’ हसू नका, मार्ग सांगा.

मोडीवाचक:
सोपं आहे. सरकारी मराठीत ‘पर्यावरणीय आघात’ म्हणतात. इम्पॅक्टला आघात, इफेक्टला परिणाम. मिटलं.

दुभाषी:
काका, मिटलं नाही हो. ‘मनावर आघात झाला’ म्हणतो आपण. आनंदाचा आघात कुणी ऐकलाय? आघात लिहिलं की मोजमापाच्या आधीच निकाल लागतो. आणि इथे तर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. पॉरपॉइज हा डॉल्फिनसारखा दिसणारा छोटा प्राणी घ्या. तो सतत ‘टिक टिक’ असे बारीक आवाज काढून भक्ष्य शोधतो. साधारण १३० किलोहर्ट्झचे हे आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाहीत, म्हणून पाण्यात यंत्रं लटकवून ते मोजतात. डेन्मार्कच्या न्यूस्टेडला २००३ साली ७२ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या क्षेत्रातली टिकटिक आधीच्या तुलनेत ११ टक्क्यांवर आली आणि जवळजवळ दहा वर्षांनी कुठे २९ टक्क्यांपर्यंत चढली. उलट नेदरलँड्सच्या एग्मंडजवळ ३६ पवनचक्क्यांच्या आत टिकटिक बाहेरच्यापेक्षा जास्त! आत जहाजांची वर्दळ कमी आणि खायला मासळी जास्त, असा अंदाज आहे. आता एकाच प्रकरणात दोन्हीला ‘आघात’ लिहू?

किनारपट्टी:
आधी ‘पॉरपॉइज’चं बघू या. आपल्या किनाऱ्यावर त्याच कुळातला एक आहे, त्याला ‘भुलगा’ म्हणतात. पण ताई, नुसतं भुलगा लिहू नका. आपल्या भुलग्याच्या पाठीवर पर नसतो; तिकडच्याच्या पाठीवर छोटा त्रिकोणी पर असतो. ‘भुलग्याच्या कुळातला पॉरपॉइज’ असं एकदा लिहा आणि पुढे खुशाल पॉरपॉइज.

दुसरं. ओहोटीला खडपावर कालवं फोडायला बसलात तर कळेल, कडक काही मिळालं की हे जीव लगेच घर करतात. तिकडे वाळूच्या सपाट तळावर लोखंडी खांब उभा राहतो आणि काही काळात त्याला शिंपल्यांचे थर लागतात. शिंपल्यांच्या दृष्टीने लॉटरीच. वाळूत राहणाऱ्या किड्याला विचाराल तर तो वेगळं सांगेल.

मोडीवाचक:
म्हणजे आघात शब्द बादच?

किनारपट्टी:
बाद कशाला? खांब ठोकताना हातोडा पडतो, तो खराखुरा आघात. हजारो घाव बसतात आणि पाण्यात आवाज लांबवर जातो. जर्मनीत ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर एका घावाची आवाजपातळी १६० डेसिबलच्या आत ठेवायचं बंधन आहे. त्यासाठी तळावर भोकं पाडलेली नळी गोल अंथरून हवा सोडतात. खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो. काकांचं ऐकलंत तर तुम्हाला ‘आघातांचा आघात’ लिहावं लागेल.

दुभाषी:
😄 पटलं. मग ‘डिस्प्लेसमेंट’? मी ‘विस्थापन’ लिहिलंय. लाल गळ्याचे पाणबुडे पक्षी जर्मन समुद्रात पवनचक्क्यांपासून कित्येक किलोमीटर लांब राहतात, त्याबद्दल.

मोडीवाचक:
विस्थापन म्हटलं की मला कोयना आठवते, धरणग्रस्त आठवतात. पक्ष्याला सातबारा नसतो. ‘जागा सोडली’ लिहा.

किनारपट्टी:
काकांशी पहिल्यांदाच सहमत. फक्त ‘जागा सोडणं’ आणि ‘वळसा घालणं’ यांत घोळ नको. न्यूस्टेडलाच रडारवर आयडर बदकांचे थवे पाहिले होते. स्थलांतरात ते पवनचक्क्यांच्या रांगा टाळून जात. धडकेचा धोका असेल इतक्या जवळून जाणारे १ टक्क्याहूनही कमी. तो वळसा. त्यांची राहती जागा गेली नव्हती. पाणबुड्यांची मात्र खाण्याची जागा सुटली.

दुभाषी:
वळसा झकास. आता मूळ प्रश्नाचं मला सुचलंय. इफेक्ट म्हणजे ‘बदल’, इम्पॅक्टसाठी ‘फरक पडणे’. ‘बदल दिसला, पण जातीला फरक पडला नाही.’ बरा वा वाईट, दोन्हीकडे चालतं.

मोडीवाचक:
वाक्य गोड आहे, पण संख्याशास्त्रवाले ‘लक्षणीय फरक’ म्हणतात तो साधा डिफरन्स. तक्त्यात गोंधळ होईल.

दुभाषी:
मग तक्त्यात एकटा ‘फरक’ कुठेच नको. एका रकान्यावर ‘मोजलेला बदल’, दुसऱ्यावर ‘जातीला पडलेला फरक’. मथळा दोन ओळींत जाईल, जाऊ दे.