पीथमपूरला माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत की परतीच्या बिनमध्ये?

धागा (सुटे भाग बनवणारा, सांवेर रोड, इंदूर)
देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन १७,००० किलो गॅस द्यायची त्याची क्षमता. हे जमलं, कारण इंदूरकर घरीच कचरा वेगळा करतात. मग आपण कारखानदार दर खेपेला नवं खोकं, नवी टेप का वापरतो? गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर खोकं फाडलं की ते थेट भंगारात. जिथे गिऱ्हाईक आणि मापं ठरलेली आहेत, तिथे घडी घालून परत आणायचे, पुन्हा पुन्हा वापरायचे प्लास्टिक बिन सक्तीचे करा. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतून गाडी रिकामीच परतते, बिन तिच्यातूनच येतील.

प्रतिसाद (गिअरचे भाग पुरवणारी)
दादा, सक्ती कुणावर? बिन विकत घ्यायचे मी, धुवायचे मी. गिऱ्हाइकाच्या स्टोअरने त्यात दुसराच माल भरून ठेवला, की सोडवायला फेऱ्याही मीच मारायच्या. तोवर माल खोक्यांतूनच जातो, म्हणजे दोन्ही खर्च अंगावर. बिन नीट वाळला नाही तर मशीनिंग केलेल्या भागावर गंज धरतो आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो. पुण्याला, चेन्नईला पार्टलोड, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीतून, माल जातो. तिथून रिकामे बिन आणायचं भाडं कोण देणार? पुठ्ठा फुकट जात नाही, पेपर मिलमध्ये त्याचा लगदा होतो.

धागाकर्ता
ताई, लगद्याला पाणी आणि वीज लागते, शिवाय दर फेरीत कागदाचे तंतू आखूड होतात. इंदूरच्या छावणी भागातल्या धान्य मंडीत जुनं बारदान पुन्हा भरलं जातं. तसा पुनर्वापर आधी, लगदा नंतर. चेन्नईचं पटलं, लांबचा माल सोडा. पीथमपूरचं मात्र सोडणार नाही.

प्रतिसाद (खरेदी विभागात नोकरी)
बिन गिऱ्हाइकाच्याच मालकीचे हवेत. गॅस सिलिंडरसारखं: भरलेला द्या, रिकामा घ्या. प्लास्टिक पॅकेजिंगच्या २०२२ च्या नियमांतही जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँड मालकांवर आहे. ज्याच्या हातात भाव, त्यानेच भार उचलावा.

प्रतिसाद (गिअरचे भाग पुरवणारी)
मग पर्चेस ऑर्डरवर तसं लिहा: मालकी तुमची, रिकामे बिन मोजून चलानावर सही, हरवले तर पैसे तुमचे. तसं लिहून आलं तर पीथमपूरची खोकी मी बंद करते. त्याआधी सक्तीला माझा विरोधच.