ऑब्जेक्टचा साधा डिक्ट (की-व्हॅल्यूच्या जोड्या) करताना सर्क्युलर रेफरन्स येतोय

पायथॉन वापरतोय. ऑर्डर नावाचा क्लास आहे, त्यात आयटमची लिस्ट, आणि प्रत्येक आयटममध्ये परत त्याची ऑर्डर ठेवलीय. हे जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून ठेवायचा फॉरमॅट) टाकायचंय. नुसतं डम्प्स (जेसन बनवणारं फंक्शन) केलं तर 'सिरियलायझेबल नाही', म्हणजे याचं जेसन होत नाही, म्हणून बोंबललं, मग त्याच्या डिफॉल्ट पॅरामीटरमध्ये लॅम्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) दिला की येईल त्या ऑब्जेक्टचं डंडर डिक्ट (`__dict__`, ऑब्जेक्टची सगळी फील्ड असलेला डिक्ट) परत दे, तर आधी तारखेवर अडलं कारण डेटटाइमला डंडर डिक्टच नसतं, ते फील्ड काढलं तर आता 'सर्क्युलर रेफरन्स डिटेक्टेड', म्हणजे ऑर्डरमधून आयटम, आयटममधून परत ऑर्डर असं चक्र. काय करू?

कंसातला_किडा: आयटममधली ऑर्डर डेटात टाकूच नको. मेमरीत ऑब्जेक्टचं जाळं चालतं, जेसनला झाड लागतं, आणि आयटम ऑर्डरच्या पोटात बसलाय म्हटल्यावर तो कुणाचा हे वेगळं कशाला सांगायचं? दोन्ही क्लासना हाताने टू-डिक्ट लिही. तारखेला आयसोफॉरमॅट (तारखेची स्ट्रिंग देतं), डेसिमल असेल तर स्ट्रिंग कर, फ्लोट नको. परत वाचताना फ्रॉम-डिक्टमध्ये आधी ऑर्डर बनव, मग आयटम त्याला जोड.

आळशी_कोडर: एवढं लिहायचं कशाला, डेटाक्लास कर ना, पायथॉन ३.७ पासून ॲजडिक्ट (डेटाक्लासचा डिक्ट करून देणारं फंक्शन) आयतं मिळतं

कंसातला_किडा: मिळतं, पण ॲजडिक्टही त्याच चक्रात फिरत बसेल आणि रिकर्शन एरर (स्वतःलाच फार वेळा बोलावल्याची चूक) देईल. शिवाय तारीख तशीच डेटटाइम राहते, म्हणजे डम्प्स पुन्हा रडणार.

रात्रपाळी: पिकल (ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवायचं पायथॉनचं मॉड्यूल) असं चक्र सांभाळतं, पण बाहेरून आलेली पिकल फाइल चुकूनही लोड करू नका, लोड करताना त्यातून वाट्टेल तो कोड चालवता येतो. आणि ते डंडर डिक्ट सरसकट देणं बंदच करा, आमच्याकडे युझरच्या ऑब्जेक्टबरोबर पासवर्डचा हॅशही रिस्पॉन्समध्ये जात होता, कुणीतरी नंतर एक फील्ड वाढवलं आणि ते आपोआप बाहेर पडलं. हाताने लिहिलं की काय जातंय ते डोळ्यासमोर राहतं.

प्रश्नकर्ता: टू-डिक्ट लिहिलं, चाललं! फक्त आयटम आयडीवरून नग किती ते ठेवणारा डिक्ट होता, तो परत वाचला तर १०१ शोधून सापडेना.

कंसातला_किडा: जेसनमध्ये की (key, जिच्यावरून व्हॅल्यू शोधतो ती) कायम स्ट्रिंगच असते, १०१ चं "१०१" झालंय. फ्रॉम-डिक्टमध्ये इंट करून घे. व्हॅल्यूत टपल (न बदलणारी यादी) असेल तर तेही बघ, त्याची लिस्ट होऊन येते.