मदत हवी आहे : तगरीवरील मोठ्या हिरव्या अळीला कोषासाठी जागा कशी द्यावी?

नमस्कार. आमच्या कुंडीतल्या तगरीवर बोटाएवढ्या जाड, हिरव्या अळ्या असून त्यांच्या डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे-पांढरे ठिपके आणि मागच्या टोकाला आखूड शिंग आहे. हात जवळ नेला की त्या डोके आत ओढतात आणि ते ठिपके एकदम मोठे दिसू लागतात. रात्री दिव्यापाशी हिरव्या-गुलाबी छटांचा मोठा पतंगही येतो, म्हणून हा कण्हेरीवरचा हॉक मॉथच असावा.

कालपासून एका अळीचा रंग तपकिरी झाला आहे, तिने खाणे सोडले आहे आणि ती सारखी फरशीवर फिरते आहे. कोषात जाण्यापूर्वी या अळ्या रंग बदलून झाडावरून उतरतात आणि पालापाचोळ्यात कोष करतात. इथे मात्र खाली सगळी फरशीच आहे. डब्यात सुकी पाने पुरतील की खाली ओलसर मातीही लागेल? कोषावर पाणी शिंपडावे का? शिवाय तगरीची पाने जवळजवळ संपली असल्याने उरलेल्या अळ्या आता कण्हेरीची किंवा सदाफुलीची पाने स्वीकारतील का?

कीटकनाशकाचा सल्ला कृपया देऊ नये; तगर पुन्हा फुटेल. ज्यांनी या अळ्या स्वतः वाढवल्या आहेत, त्यांनी लवकर कळवावे ही विनंती.