अनुभव धागा: जन आरोग्य योजनेचं कार्ड, केवायसी आणि दवाखान्यातली मंजुरी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या मोफत उपचारांच्या दोन्ही योजना महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून एकत्र चालतात. कार्ड काढताना आणि दवाखान्यात गाडं नेमकं कुठे अडतं, तेवढंच लिहा. ‘आमच्या काकांचं झालं’ नको, ‘असं करा’ हवं.

•

नावं आधी जुळवा, ॲप नंतर उघडा. रेशनकार्डावर ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’ एवढा फरक बहुधा चालून जातो. अडतं ते लग्न झालेल्या बाईंचं. आधार माहेरच्या नावाचं, रेशनकार्ड सासरचं, म्हणजे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही वेगळी. आधी विवाह नोंदणी दाखल्यावर आधार दुरुस्त करा, मग केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. उलटं केलंत तर अर्ज ‘पेंडिंग’मध्ये पडून राहतो.

•

आधारला जोडलेला मोबाईल बंद असेल तर ओटीपी येणारच नाही. अशा वेळी बोटांचे ठसे, डोळे किंवा चेहरा यांवर केवायसी होते. शेतात, बांधकामावर राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. चारदा बोट दाबत बसू नका, चेहऱ्याचा पर्याय निवडायला सांगा. उजेड समोरून हवा.

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. त्यांचं वेगळं ‘वय वंदना’ कार्ड आधारवर निघतं.

•

कार्ड हातात आलं की काम झालं, हा समज सगळ्यात महाग पडतो. भरती होताना पहिल्यांदा आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा मदतनीस) टेबलावर नोंद करा. तिथून तपासण्यांचे रिपोर्ट जोडून पूर्वमंजुरीला पाठवतात, मंजुरी आली की शस्त्रक्रिया. आधी पैसे भरून नंतर बिल दाखवायचं, असं या योजनेत चालत नाही, सगळं कॅशलेस. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात, पण ती मागायलाही आरोग्यमित्रच लागतो.

दवाखाना योजनेच्या यादीत आहे म्हणजे प्रत्येक आजारासाठी आहे असं नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून विचारताना आजाराचं नाव घेऊन विचारा.

•

उपचारांसाठीचे ५ लाख रुपये हे वर्षाला, अख्ख्या कुटुंबाचे मिळून. माणशी नव्हेत. घरात एकाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर दुसऱ्याला नेण्याआधी शिल्लक विचारून घ्या. नुसत्या ओपीडीचा खर्च यात बसत नाही.

तान्ह्या बाळाचं नाव रेशनकार्डात नसेल तर जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबतचा फोटो आणि पालकांचं रेशनकार्ड एवढं न्या.

•

योजनेत मंजूर झालेल्या उपचाराचे वर पैसे मागितले तर भांडत बसू नका. पावती मागा आणि तिथूनच योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावा. पावतीचं नाव काढलं की बरेचदा मागणीच गळून पडते.