मदत हवी आहे: पप्पांना रक्ताचा कॅन्सर सांगितलाय पण डॉक्टर औषधच देईनात

द्राक्षवाला_निफाड: नमस्कार मंडळी. पप्पांचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी लय वाढल्यात, डॉक्टर म्हणे रक्ताचा कॅन्सर आहे पण हळू वाढणारा, आत्ता काही नको, तीन महिन्यांनी या. अरे कॅन्सर आहे आणि साधी गोळी पण नाही? नुसतं बघत बसायचं का? नाशिकमधला चांगला डॉक्टर सुचवा, लवकर, छाटणी तोंडावर आलीये.

लॅबवाला_सातपूर: वाढल्यात म्हणजे किती? ११,००० पर्यंत नॉर्मलच. त्यातला कुठला प्रकार वाढलाय, लिम्फोसाइट का न्यूट्रोफिल? वय, हिमोग्लोबिन, प्लेटलेट?

बटवा_पंचवटी: पपईच्या पानांचा रस द्या सकाळ-संध्याकाळ. आमच्या शेजारणीच्या प्लेटलेट आठवड्यात वर आल्या.

लॅबवाला_सातपूर: मावशी तो डेंग्यू असेल, त्यात बरं होताना त्या आपोआपच वर येतात. इथे प्रश्न पांढऱ्या पेशींचा आहे.

द्राक्षवाला_निफाड: वय ६७. पांढऱ्या ३८,४००, लिम्फो ८१ टक्के, एचबी १२.६, प्लेटलेट १ लाख ९० हजार. आता सांगा.

अपडाऊन_मनमाड: बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, केली का? त्याशिवाय ठरतच नाही. माझ्या मेव्हण्याला पण रक्ताचाच कॅन्सर, बीसीआर-एबीएल ही जनुकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, इमॅटिनिब गोळी चालू आहे, गडी रोज ड्युटीला जातो. तीच गोळी मागून घ्या.

लॅबवाला_सातपूर: दादा ते सीएमएल, म्हणजे मायलॉइड पेशींचा कॅन्सर, हे सीएलएल, म्हणजे लिम्फोसाइटचा, दिसतंय. अक्षर एकच बदलतं पण आजार वेगळा, ती गोळी इथे कामाची नाही. सीएलएल साध्या रक्तावर फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या टेस्टने कळतो, सीडी५, सीडी१९, सीडी२३ या खुणा एकाच पेशीवर दिसल्या आणि तसल्या बी-लिम्फोसाइट ५,००० च्या वर तीन महिने टिकल्या की झालं, मॅरो दरवेळी लागत नाही. स्लाइडवर फुटक्या पेशी पण दिसतात, आम्ही स्मज सेल म्हणतो, काच ओढताना फुटतात बिचाऱ्या. फ्लो झालं का?

द्राक्षवाला_निफाड: हो मग, रक्त मुंबईला पाठवलेलं, सीएलएलच लिहून आलंय. मी औषधाचं विचारतोय.

ताई_इंदिरानगर: भाऊ, मला स्वतःला २०१९ पासून आहे, अजून एक गोळी नाही. त्रास नसताना औषध लवकर चालू केलं म्हणून माणूस जास्त जगतो असं दिसलेलं नाही. एचबी १० च्या किंवा प्लेटलेट लाखाच्या खाली चालल्या, गाठी फार मोठ्या झाल्या, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं, नाहीतर लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट, असं काही असलं की चालू करतात. पप्पांना यातलं काय आहे? आणि औषध ठरलंच तर आधी १७पी ची फिश टेस्ट, म्हणजे पेशीतल्या १७ नंबरच्या क्रोमोसोमचा तो तुकडा गळालाय का ते बघायची टेस्ट, करून घ्या.

अपडाऊन_मनमाड: ते काही नाही, सरळ परळला टाटाला जा. पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरायचं.

बटवा_पंचवटी: पंचवटीत बसायला जागा मिळते का हल्ली?

पॉलिसी_भाऊ: मेडिक्लेम नसेल तर आजच काढा.

लॅबवाला_सातपूर: आता कोण देणार त्यांना मेडिक्लेम?

द्राक्षवाला_निफाड: गाठी नाहीत, वजन तेवढंच. घाम येतो, पण बागेत सगळ्यांनाच येतो. आणि दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या फायलीत एक रिपोर्ट सापडला, पांढऱ्या १६,८००, लिम्फो ६२. तेव्हा कोणी काही बोललं नाही.

लॅबवाला_सातपूर: अहो हे पहिल्यांदा सांगायचं ना राव! टक्क्यांवरून काढलं तर लिम्फोसाइट साधारण १०,४०० चे ३१,१०० व्हायला दोन वर्षं लागली, म्हणजे सहा महिन्यांत दुप्पट वगैरे काही नाही. ती फाइल डॉक्टरांना दाखवा आधी.

ताई_इंदिरानगर: आणि मी रात्रीचा घाम विचारला होता, बागेतला नाही.

द्राक्षवाला_निफाड: आईला विचारून सांगतो.