कारखाना हलतोय, सोळा महिने हातात आहेत. गावाचं पुढे काय होतं?

टूलरूमवाला
नमस्कार. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये मला २२ वर्षं झाली. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, बनवायच्या, झिजल्या की दुरुस्त करायच्या, हे माझं काम. गेल्या महिन्यात बोर्डावर नोटीस लागली. उत्पादन दुसरीकडच्या नव्या प्लँटला जाणार, इथलं सोळा महिन्यांत बंद. स्वेच्छानिवृत्तीचे आकडे हातात पडलेत आणि डब्याच्या सुट्टीत सगळ्यांचे तेच हिशेब चालू असतात.

मला मात्र दुसरीच गोष्ट खातेय. गेटबाहेर १७ छोटी वर्कशॉपं आहेत, मोजलीत मी. आमची ड्रॉइंगं घेऊन ते बुश, पिना असे छोटे सुटे भाग आणि जिग, म्हणजे काम करताना भाग जागेवर धरणारी साधनं, करून देतात. त्यांना कुणीच नोटीस दिलेली नाही. परवा त्यांतला एक जण ग्राइंडिंग करून आणलेला पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडायचं हत्यार, घेऊन आला आणि विचारलं, "याची पुढची ऑर्डर आहे ना?" मी मायक्रोमीटर लावून माप घेत राहिलो. एकदा घेतलेलं माप पुन्हा घेतलं, पण उत्तर दिलं नाही.

असं झालेल्या गावांचं पुढे काय होतं? या सोळा महिन्यांत काही करता येतं का?

ताळेबंद
दादा, मी प्रादेशिक अर्थशास्त्र शिकवते. तुमच्या प्रश्नात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ते सोळा महिने.

अमेरिकेतल्या यंग्सटाउनला ते मिळाले नाहीत. १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी तिथल्या पोलाद कंपनीने कॅम्पबेल वर्क्स या कारखान्याचा बहुतेक भाग बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे ५,००० जणांचं काम गेलं. त्या दिवसाला तिथे 'काळा सोमवार' म्हणतात. जर्मनीच्या रूर खोऱ्यात उलट झालं. दगडी कोळशाचं अनुदान २०१८ पर्यंत संपवायचं हे २००७ मध्येच ठरलं. बोट्रोपची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तोवर कुणाला लवकर निवृत्ती, कुणाला दुसऱ्या खाणीत बदली, कुणाला नवं प्रशिक्षण मिळालं होतं.

मुदत मिळूनही चूक होऊ शकते. त्याच खोऱ्यातल्या बोखुममध्ये खाणी बंद पडू लागल्यावर जुन्या खाणीच्या जागेवर १९६२ मध्ये ओपेलचा मोटार कारखाना आला. सगळ्यांना हायसं वाटलं. तोही २०१४ च्या डिसेंबरात बंद झाला. एका मोठ्या मालकाच्या जागी दुसरा मोठा मालक आणला, तर गाव पुन्हा एकाच खांबावर उभं राहतं. म्हणून मला तुमच्या १७ वर्कशॉपांची गोष्ट नव्या प्लँटच्या आशेपेक्षा महत्त्वाची वाटते.

आणि स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब मांडताना एक ध्यानात ठेवा. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन यांनी अमेरिकेच्या पेनसिल्वेनियात एकाच ठिकाणी बरीच वर्षं काम करून नोकरी गेलेल्या कामगारांचा अभ्यास केला, तो १९९३ मध्ये छापून आला. नोकरी गेल्यावर पाच-सहा वर्षांनीही त्यांची कमाई आधी जेवढी राहिली असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्के कमी होती. दुसरं काम मिळालं म्हणजे भरपाई झाली, असं धरू नका.

जुना फिटर
आमचा कारखाना बंद झाला तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो. बंद व्हायच्या दिवशी काहीच दिसत नाही. नंतर भाड्याच्या खोल्या रिकाम्या होतात, बसच्या फेऱ्या कमी होतात, शाळेची तुकडी मोडते. "काम असेल तिकडे जा" असं लोक सहज सांगतात. पण कारखान्याबरोबर घराची किंमतही पडते. ज्याने कर्ज काढून घर बांधलं तो विकूही शकत नाही आणि सोडूनही जाऊ शकत नाही. तरुण निघून जातात, आईवडील मागे राहतात.

मला सगळ्यात जास्त कशाने दुखावलं सांगू? आमचं सरफेस ग्राइंडर, म्हणजे धातू घासून अचूक सपाट करणारं मशीन, लिलावात भंगाराच्या वजनावर गेलं. त्याचं टेबल मी स्वतः स्क्रेपिंग करून, म्हणजे हाताने खरवडून सपाट करत, बसवलं होतं, उंचवटे दिसावेत म्हणून निळा रंग लावून, ठिपके मोजत. बाहेरच्या वर्कशॉपवाल्यांनी ते आनंदाने घेतलं असतं. पण सगळ्या मशिनी एकाच लॉटमध्ये विकायला काढल्या, आणि तेवढा पैसा कुणाकडेच नव्हता.

युनियनमार्फत आत्ताच लेखी मागा: मशिनी सुट्या विकाव्यात, आणि विचारणा आधी बाहेरच्या वर्कशॉपवाल्यांकडे व्हावी. जिग-फिक्स्चरचं काम येणाऱ्यांना कौशल्याचा दाखला मिळायला हवा. आमच्या हातात कला होती, कागद एकही नव्हता.

धुराडं
कामगारांनी मिळून चालवायला घेता येणार नाही का? साउथ वेल्समधली टॉवर खाण २३९ खाणकामगारांनी प्रत्येकी ८,००० पौंड घालून घेतली, १९९५ मध्ये पुन्हा सुरू केली आणि २००८ पर्यंत चालवली.

ताळेबंद
चालवली, आणि फार अभिमान वाटावा असं ते काम आहे. पण त्या कोळशाला गिऱ्हाईक होतं. इथे माल एकाच कंपनीचा आणि तीच निघालीय. आधी दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागेल. लोकांचे निवृत्तीचे पैसे त्याआधी त्यात घालू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

टूलरूमवाला
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी त्या पंचवाल्याकडे गेलो आणि पुढची ऑर्डर नाही हे सांगितलं. तो बराच वेळ लेथच्या बेडवर हात ठेवून उभा राहिला. मग शेजारच्या दोघांना बोलावून घेतलं. कुणाकडे कुठलं मशीन आहे, किती अचूकतेपर्यंत काम निघतं, आमच्याखेरीज कुणाचं काम पूर्वी केलंय, हे वहीत लिहायला बसलो. रात्री साडेदहापर्यंत सहा वर्कशॉपं झाली. त्यांतल्या चौघांकडे दुसरं एकही गिऱ्हाईक नाही.

ग्राइंडरचं पत्र उद्या युनियनकडे देतोय. मशिनी सुट्या विकण्याची मागणी कशी लिहायची ते फिटरदादांनी सांगाल का?